अँटिबायोटिक घेण्याआधी एक प्रश्न विचारा: रायबोसोम कोणाचा?

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकरी घरात तीन वस्तू सहज सापडतील: पिंपल्ससाठी आणलेली क्लिंडामायसिन जेलची ट्यूब, मागच्या तापातून उरलेल्या अझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या आणि कपाशीवर फवारायला आणलेली स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी. एक चेहऱ्यावर लावायची, एक पोटात घ्यायची, एक पंपात टाकायची. वरवर पाहता तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

पण आतून तिघी एकच काम करतात. जिवाणूच्या पेशीत प्रथिनं बनवणारं जे यंत्र असतं, म्हणजे रायबोसोम, ते या बंद पाडतात.

हे यंत्र नक्की काय आहे, औषध ते कुठे अडवतं, आणि एवढी माहिती असली तर गोळी कधी उपयोगी आणि कधी फुकट हे कसं ओळखता येतं, ते आज आपण पाहूया. जीवशास्त्र दहावीनंतर सोडलं असेल तरी चालेल.

## रायबोसोम म्हणजे काय?

प्रत्येक जिवंत पेशीला सतत प्रथिनं लागतात. पेशीची बांधणी, अन्नाचं पचन, नवीन पेशी तयार होणं, हे सगळं प्रथिनांवर चालतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. मणी मुख्यतः २० प्रकारचे, पण ते कोणत्या क्रमाने ओवले यावर माळेचं काम ठरतं.

क्रम कुठे लिहिलेला असतो? डीएनएमध्ये. पण डीएनए ही मूळ फाइल, तिला कुणी थेट हात लावत नाही. हव्या त्या भागाची एक तात्पुरती कॉपी निघते, तिला एमआरएनए म्हणतात. ही कॉपी रायबोसोममध्ये शिरते आणि रायबोसोम ती तीन-तीन अक्षरं करून वाचतो. दर तीन अक्षरांमागे एक मणी ठरलेला. तो मणी आणून देणारा हमाल म्हणजे टीआरएनए.

म्हणजे कामाच्या तीन पायऱ्या झाल्या:

- कॉपी वाचून योग्य मणी आत घेणं
- तो मणी आधीच्या माळेला जोडणं
- कॉपी तीन अक्षरं पुढे सरकवणं आणि तयार माळ एका बोगद्यातून बाहेर सोडणं

जिवाणूतला एक रायबोसोम सेकंदाला साधारण १५ ते २० मणी जोडतो. एका जिवाणूत असे हजारो रायबोसोम एकाच वेळी चालू असतात. एका रायबोसोमची रुंदी सुमारे २० नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत तीन-चार हजार रायबोसोम ओळीने बसतील.

## जिवाणूचा रायबोसोम आपल्यापेक्षा वेगळा कसा?

रायबोसोम दोन तुकड्यांचा असतो, एक लहान आणि एक मोठा. जिवाणूत लहान तुकडा ३०एस आणि मोठा ५०एस, दोन्ही मिळून ७०एस. माणसाच्या पेशीत ४०एस आणि ६०एस, मिळून ८०एस. 'एस' हे वजन नाही, तर वेगाने फिरणाऱ्या यंत्रात तो तुकडा किती लवकर तळाशी बसतो याचं माप आहे. म्हणूनच ३० आणि ५० मिळून ८० होत नाहीत.

ई. कोलाय नावाच्या जिवाणूच्या रायबोसोममध्ये पन्नासहून थोडी जास्त प्रथिनं असतात. माणसाच्या रायबोसोममध्ये सुमारे ८०. दोन्हींची मूळ रचना सारखी, कारण दोघांचा पूर्वज एकच. पण काही मोक्याच्या जागी थोडाथोडा फरक आहे. कुठे कुठे तर आरएनएचं फक्त एक अक्षर वेगळं असतं.

अँटिबायोटिकचा सगळा खेळ या फरकावर चालतो. जिवाणूच्या रायबोसोममधल्या खाचेत औषध घट्ट बसतं, आपल्या रायबोसोममध्ये ती खाच वेगळ्या आकाराची असल्याने बसत नाही. त्यामुळे जिवाणूचं काम थांबतं आणि आपलं चालू राहतं.

## कोणतं औषध कुठे अडवतं?

लहान तुकडा, ३०एस

- टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन: नवीन मणी जिथे येऊन बसतो ती जागाच अडवतात. हमाल दारात येतो आणि परत जातो. माळ तिथेच थांबते.
- स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन: ही वाचनात गोंधळ घालतात. रायबोसोम चुकीचा मणी बरोबर समजून ओवतो. अशी बिघडलेली प्रथिनं पेशीच्या आवरणात जाऊन बसली की आवरणच गळू लागतं आणि जिवाणू मरतो.

मोठा तुकडा, ५०एस

- क्लोरॅम्फेनिकॉल, क्लिंडामायसिन, लिनेझोलिड: मणी जिथे माळेला जोडला जातो त्या जागेवर किंवा तिला लागून बसतात.
- एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन: माळ बाहेर पडण्याच्या बोगद्यात तोंडाशी अडकतात. काही मणी ओवून होतात आणि पुढचं काम तुंबतं.

यात एक व्यावहारिक फरक आहे. डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन बहुतेक वेळा जिवाणूला लगेच मारत नाहीत, त्याची वाढ थांबवतात. उरलेला बंदोबस्त आपली रोगप्रतिकारशक्ती करते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी बरं वाटलं याचा अर्थ जिवाणू संपले असा होत नाही.

रायबोसोमला हात न लावणारी अँटिबायोटिक्सही आहेत. अमॉक्सिसिलिन आणि सेफिक्झिम जिवाणूची भिंत बांधू देत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएच्या कामात अडथळा आणतं. रिफाम्पिसिन एमआरएनएची कॉपीच काढू देत नाही.

आणि नावाच्या शेपटीवरून ठरवू नका. 'मायसिन' शेवटी आलं म्हणजे रायबोसोमचंच औषध असं नाही. व्हॅन्कोमायसिन भिंतीवर काम करतं आणि ब्लिओमायसिन हे तर कॅन्सरचं औषध आहे.

## औषध प्रथिनाला चिकटतं की आरएनएला?

'रायबोसोमच्या प्रथिनांना रोखणारी रसायनं' असं अनेक ठिकाणी लिहिलेलं दिसतं. ते अर्धंच खरं आहे. रायबोसोम प्रथिनं आणि आरएनए दोन्हींचा बनलेला असतो आणि जिवाणूत वजनाने साधारण दोन तृतीयांश भाग आरएनएचा असतो. मणी जोडण्याचं मुख्य कामही आरएनएच करतो. त्यामुळे बहुतेक औषधं चिकटतात ती आरएनएलाच.

मग प्रथिनं कशाला? ती खाचेचा आकार सांभाळतात. स्ट्रेप्टोमायसिन १६एस आरएनएला धरून बसतं, पण शेजारच्या एस-१२ या प्रथिनालाही टेकतं. एरिथ्रोमायसिन ज्या बोगद्यात अडकतं, त्याची एक अरुंद जागा एल-४ आणि एल-२२ या प्रथिनांनी बनलेली असते. ही प्रथिनं थोडी जरी बदलली तरी औषधाची पकड सुटू शकते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं अणूच्या पातळीवर दिसलं ते २००० सालच्या आसपास. व्यंकटरमण रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांनी क्ष-किरणांच्या मदतीने रायबोसोमची रचना उलगडली आणि २००९ मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रामकृष्णन यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून.

## मराठवाड्याने हे औषध कामाला आलेलं पाहिलं आहे

तुमच्या आई-बाबांना १९९४ साल विचारून बघा. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, परभणीत होता. १ मे १९९९ रोजी तो वेगळा झाला. परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात, मामला या गावात, ऑगस्ट १९९४ मध्ये गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले.

शंभर वर्षांपूर्वी मुंबई-पुण्याच्या प्लेगमध्ये डॉक्टरांच्या हातात यावर औषध नव्हतं. १९९४ मध्ये होतं. प्लेग यर्सिनिया पेस्टिस या जिवाणूमुळे होतो. जिवाणू म्हणजे ७०एस रायबोसोम, म्हणजे टेट्रासायक्लिन आणि स्ट्रेप्टोमायसिन चालतात. रुग्णांना आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना हीच औषधं दिली गेली.

पण त्याच वेळी दुसरी गोष्टही घडली. ज्यांचा आजाराशी काहीच संबंध नव्हता अशा लोकांनीही टेट्रासायक्लिनसाठी दुकानांत झुंबड उडवली. सुरतेत गोळ्यांचा तुटवडा पडला. घाबरून घेतलेल्या गोळीने घेणाऱ्याचा फायदा होत नाही आणि ज्याला गरज आहे त्याला ती मिळत नाही, हे तेव्हा उघड दिसलं.

दुसरं उदाहरण मुंबईचं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. तोही जिवाणूचाच आजार. म्हणूनच साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या, अशी सूचना मुंबई महापालिका पावसाळ्यात करते. इथे जिवाणू माहीत आहे, त्याचा रायबोसोम माहीत आहे आणि गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने दिली जाते.

## सर्दी, डेंग्यू, कोविडवर ही गोळी का चालत नाही?

कारण विषाणूकडे स्वतःचा रायबोसोमच नसतो. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच ८०एस रायबोसोमकडून स्वतःची प्रथिनं बनवून घेतो. अझिथ्रोमायसिन आपल्या रायबोसोमला अडवत नाही. मग ती गोळी विषाणूला अडवणार कशी?

कोविडच्या काळात अझिथ्रोमायसिन भरपूर वापरलं गेलं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीत, रुग्णालयात दाखल साडेसात हजारांहून जास्त रुग्णांवर त्याची तपासणी झाली. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

विषाणूजन्य तापात कधीकधी जिवाणूचा संसर्ग नंतर वरून होतो आणि तेव्हा डॉक्टर अँटिबायोटिक देतात. पण तो निर्णय तपासून घ्यायचा असतो. 'मागच्या वेळी याच गोळीने बरं वाटलं होतं' हे कारण पुरत नाही. बहुतेक विषाणूजन्य सर्दी-ताप काही दिवसांत आपोआपच उतरतात आणि श्रेय उगाच गोळीला मिळतं.

## शेतातही नियम तोच

स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुडीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट आणि १० टक्के टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड असतं. पुडीवरचं नाव पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीचं. ही कंपनी १९५४ मध्ये सुरू झाली आणि सुरुवातीला पेनिसिलिन बनवत होती.

कपाशीवरचा जिवाणूजन्य करपा, लिंबावरचा खैऱ्या, डाळिंबावरचा तेल्या हे जिवाणूंचे रोग. त्यामुळे तिथे स्ट्रेप्टोमायसिनला अडवायला ७०एस रायबोसोम असतो.

आता आपल्या जिल्ह्याची ओळख असलेली हळद घ्या. हळदीच्या पानांवर येणारा करपा बुरशीमुळे होतो. बुरशीचा रायबोसोम आपल्यासारखाच ८०एस असतो. तिथे स्ट्रेप्टोमायसिन मारलं तर पैसे गेले, करपा तसाच. कपाशीचा करपा आणि हळदीचा करपा, नाव एक पण कारण वेगळं.

सोयाबीनचा पिवळा मोझॅक हा तर विषाणू, तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. तिथे रायबोसोम अडवून काहीच साध्य होत नाही. माशीचा बंदोबस्त करावा लागतो.

शेतातला वापर माणसाच्या औषधाशीही जोडलेला आहे. जे स्ट्रेप्टोमायसिन शिवारात फवारलं जातं, तेच क्षयरोगाच्या उपचारात वापरलेलं औषध आहे. फवारलेलं औषध मातीत आणि पाण्यात जातं, तिथले जिवाणू त्याला सरावतात. याच काळजीतून केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एक मसुदा आदेश काढला. १ फेब्रुवारी २०२२ पासून शेतीसाठी स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनची आयात व उत्पादन बंद आणि १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद, असा तो प्रस्ताव होता.

म्हणून घरी बाबा किंवा काका फवारणीची तयारी करत असतील तर पानाचा फोटो काढा आणि आधी रोग ओळखून घ्या. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. सध्याची शिफारस तिथून घ्या. शेजाऱ्याने काय मारलं यावरून औषध ठरवू नका.

## मग साइड इफेक्ट का होतात?

आपल्या पेशीत ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया असतात. फार पूर्वी ते स्वतंत्र जिवाणू होते असं मानलं जातं. त्यांच्याकडे आजही स्वतःचे रायबोसोम आहेत आणि ते जिवाणूंच्या रायबोसोमशी बरेच मिळतेजुळते आहेत. काही औषधं चुकून त्यांनाही धरतात.

- लिनेझोलिड जास्त दिवस घेतलं तर रक्तपेशी कमी होऊ शकतात, हातापायांच्या नसांना मुंग्या येऊ शकतात. म्हणून त्यात वेळोवेळी रक्त तपासतात.
- स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन यांच्यामुळे ऐकू येणं कमी होऊ शकतं किंवा तोल जाऊ शकतो. हे नुकसान सहसा भरून येत नाही. काही घराण्यांत मायटोकॉन्ड्रियाच्या आरएनएमध्ये एक अक्षर बदललेलं असतं आणि अशा लोकांना हा धोका खूप जास्त असतो. आईकडच्या नात्यात इंजेक्शननंतर कुणाला बहिरेपण आलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.
- क्लोरॅम्फेनिकॉल पोटातून घेतल्यावर अस्थिमज्जेचं काम मंदावू शकतं. क्वचित ते जिवावरही बेततं. म्हणून एकेकाळी टायफॉइडचं नेहमीचं असलेलं हे औषध मागे पडलं.

आपला रायबोसोम सरळ बंद पाडणारं रसायन बघायचं असेल तर बांधावरचा एरंड बघा. एरंडाच्या बियांत रायसिन नावाचं प्रथिन असतं. ते आपल्या ८०एस रायबोसोमच्या आरएनएमधला एक मोक्याचा भाग तोडतं आणि तो रायबोसोम कायमचा निकामी होतो. रायसिनचा एक रेणू एका मिनिटात हजाराहून जास्त रायबोसोम बाद करू शकतो. म्हणून एरंडाच्या बिया लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. कुणी चावून खाल्ल्या तर वाट न पाहता दवाखाना गाठा. नीट बनवलेल्या एरंडेल तेलात रायसिन राहत नाही.

## औषध चालेनासं का होतं?

आता एस-१२ प्रथिनाचा मुद्दा परत घेऊ. क्षयरोगाच्या जिवाणूत या प्रथिनाच्या ४३व्या जागी लायसिन नावाचा मणी असतो. तिथे आर्जिनिन आला की स्ट्रेप्टोमायसिनची पकड सुटते. एका मण्याचा बदल आणि औषध निकामी.

असे बदल औषध घडवत नाही, ते आपोआप कुठे ना कुठे होत असतात. औषध फक्त निवड करतं. साधे जिवाणू थांबतात आणि बदललेला एकटा वाढत राहतो.

जिवाणूंकडे आणखी मार्ग आहेत:

- औषध आत आलं की पंपाने बाहेर फेकणं
- रायबोसोमच्या आरएनएवर छोटासा रासायनिक गट चिकटवून खाच बुजवणं
- औषधाचाच रेणू बदलून टाकणं
- टेट्रासायक्लिनला रायबोसोमवरून ढकलून काढणारं वेगळं प्रथिन बनवणं

यातले बरेच गुण डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यांवर लिहिलेले असतात आणि एक जिवाणू ते दुसऱ्याला देतो, जशी तुम्ही मित्राला फाइल पाठवता. त्याला जातीचंही बंधन नाही. पोटातल्या निरुपद्रवी जिवाणूकडून आजार करणाऱ्या जिवाणूकडेही ती फाइल जाऊ शकते.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी मातीतल्या जिवाणूपासून वेगळं केलं. क्षयरोगावरचं ते पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक. पण ते एकटंच दिल्यावर थोड्याच महिन्यांत अनेक रुग्णांत ते चालेनासं झालं. तेव्हापासून क्षयरोगात एकाच वेळी अनेक औषधं देतात, म्हणजे एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडावा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सहा महिन्यांचा नवा उपचार मंजूर केला. त्यात चार औषधं आहेत आणि एक आहे लिनेझोलिड, रायबोसोम अडवणारंच.

टायफॉइडचं उदाहरण आणखी जवळचं. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की पोटातून घ्यायच्या गोळ्यांपैकी जवळजवळ एकटं अझिथ्रोमायसिनच कामाचं उरलं. सर्दीसाठी आपण जी गोळी सहज घेतो, ती कुणासाठी तरी शेवटची गोळी असते.

## मोबाइल हातात आहे, तर हे करा

१. ब्रँड नको, कंपोझिशन वाचा. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं. खाली बारीक अक्षरात खरं औषध आणि मिलिग्रॅम. दिसत नसेल तर फोटो काढून झूम करा. दोन वेगळ्या ब्रँडमध्ये एकच औषध असू शकतं, मग नकळत दुप्पट डोस जातो.

२. लाल रेघ बघा. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ही ओळख लोकांना व्हावी म्हणून आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये मोहीम काढली. काही अँटिबायोटिक्स आणि क्षयरोगाची औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे आणि त्यात मेडिकलवाल्याला विक्रीची नोंद ठेवावी लागते.

३. चिठ्ठीचा फोटो जपून ठेवा. कोणतं औषध, किती दिवस, कशासाठी. पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवता येतं.

४. रिमाइंडर लावा. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळा आणि तेवढेच दिवस. मध्येच थांबवायचं असेल किंवा त्रास होत असेल तर फोन करून विचारा.

५. फॉरवर्ड आलेली गोळ्यांची यादी डिलीट करा. ती कुणासाठी, कोणत्या आजारात लिहिली होती हे तुम्हाला माहीत नसतं.

## नेहमीचे प्रश्न

पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन का देतात?
पिंपल्समध्ये एका जिवाणूचा हात असतो आणि डॉक्सिसायक्लिन सूजही कमी करतं. पण क्लिंडामायसिन जेल महिनोन्महिने एकटंच लावलं तर जिवाणू त्याला सरावतात. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ त्यासोबत बहुधा बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात. मैत्रिणीची ट्यूब वापरू नका.

डॉक्सिसायक्लिन दुधासोबत चालेल का?
नको. कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि औषध कमी शोषलं जातं. अँटासिड आणि लोहाच्या गोळ्याही थोड्या अंतराने घ्या. गोळी भरपूर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. या काळात ऊन जास्त लागतं, शेतात काम असेल तर अंग झाका.

लहान मुलांना टेट्रासायक्लिन का देत नाहीत?
ते वाढत्या दातांत बसतं आणि दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात. गरोदरपणातही टाळतात.

मलेरिया जिवाणूचा आजार नाही, मग तिथे डॉक्सिसायक्लिन कसं चालतं?
मलेरियाच्या परजीवीत एक छोटा भाग असतो, त्यात जिवाणूसारखा रायबोसोम आहे. औषध तिथे अडवतं. तरी उपचारात ते एकटं देत नाहीत, दुसऱ्या औषधाच्या जोडीला देतात.

उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं?
पुढच्या तापासाठी ठेवू नका आणि दुसऱ्याला देऊ नका. मेडिकलवाला परत घेतो का ते विचारा. उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ टाकू नका.

## थोडक्यात

- जिवाणू: ७०एस रायबोसोम, ही औषधं चालू शकतात.
- विषाणू: रायबोसोमच नाही, चालत नाहीत.
- बुरशी: आपल्यासारखा ८०एस, चालत नाहीत.
- आपले मायटोकॉन्ड्रिया: जिवाणूसारखे रायबोसोम, म्हणून काही साइड इफेक्ट.
- जिवाणूच्या रायबोसोममध्ये एका मण्याचा बदल झाला तरी औषध निकामी होऊ शकतं.

पुढच्या वेळी घरात कुणी म्हणालं, 'ताप आहे, मेडिकलमधून अझिथ्रो घेऊन ये', तर निघण्याआधी एवढंच विचारा: हा ताप जिवाणूचा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलंय का?